अन्नाच्या पंगतीतील गोळ्या

औषधाच्या दुकानात औषधी गोळ्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या एकाच फळीवर शेजारी शेजारी नांदतात. दोहोंचे रूप सारखे. परंतु कायद्याच्या लेखी त्यांची कुळे निराळी आहेत. हा भेद कसा उत्पन्न झाला, ते अमेरिकेच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१९३७ साली तेथे सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. शंभराहून अधिक माणसे, त्यांत अनेक बालके, प्राणास मुकली. विक्रीपूर्वी औषध पारखून घेण्याची सक्ती १९०६ च्या कायद्यात नव्हती. ती १९३८ साली आली आणि नव्या औषधाची निर्धोकता आधी दाखवून द्यावी, असा दंडक पडला. अन्नाला मात्र तो लागू नव्हता. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या बव्हंशी अन्नाच्या पंगतीत बसल्या.

या सवलतीतील धोका १९८९ साली प्रकट झाला. न्यू मेक्सिको राज्यातील डॉक्टरांकडे असह्य स्नायुवेदनांनी पीडित असे रुग्ण येऊ लागले. ते सारे एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेत असत. हे द्रव्य दुधातही असते; पण बहुतेक रुग्णांच्या गोळ्यांतील माल जपानमधील एकाच कारखान्यातून आला होता, असे तपासात आढळले. पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले. तीसहून अधिक दगावले. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबणे किती महागात पडते, याचा हा दाखला होय.

तथापि, पोषक गोळ्यांसाठीही डॉक्टरची चिठ्ठी लागेल की काय, या भीतीने तेथील ग्राहक खवळले होते. १९९४ च्या कायद्याने त्यांची बाजू उचलून धरली. पूरक आहार हे अन्नच ठरले, विक्रीपूर्व मंजुरीची अट राहिली नाही आणि माल असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडला. वजन घटविण्यासाठी खपणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव १९९७ साली मांडला गेला. प्रत्यक्ष बंदी अमलात आली ती २००४ साली. त्याआधी, २००३ मध्ये, ती घेणारा स्टीव्ह बेक्लर हा तेवीस वर्षांचा बेसबॉलपटू सरावाच्या वेळी उष्माघाताने कोसळून मरण पावला होता. गंभीर दुष्परिणाम सरकारला कळविण्याची सक्ती उत्पादकांवर २००६ साली झाली.

त्याच वर्षी भारतात अन्नसुरक्षा व मानके कायदा झाला आणि त्याच्या २२ व्या कलमाने या वर्गाला स्वतंत्र स्थान दिले. २०१६ च्या नियमांनी वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचा इशारा छापणे बंधनकारक केले. रोग बरा करण्याचा दावा अशा मालाला करता येत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी चौदा अंकी परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण व मुदत पाहावी. परवाना ही गुणाची हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. चालू औषधांशी मेळ बसतो की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. के-जीवनसत्त्वाने रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम घटतो. कायदा बहुधा अपघातामागून येतो. ग्राहकाची सावधगिरी मात्र त्याच्या आधी पोहोचू शकते.