जाहीरनाम्याचा कागद

डिसेंबर 1906, कलकत्त्याचं काँग्रेस अधिवेशन. अध्यक्ष दादाभाई नौरोजी 81 वर्षांचे. आवाज साथ देईना, म्हणून त्यांच्या भाषणाचा बराचसा भाग गोखल्यांनी वाचून दाखवला. ‘स्वराज्य’ ही मागणी त्या भाषणात आली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच भाषणात 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्याचाही दाखला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. 48 वर्षांपूर्वी दिलेला शब्द हा म्हातारा अजून सोडायला तयार नव्हता.

‘जाहीरनामा’ हा मुळात मतं मागणाऱ्याचा शब्द नव्हेच, तो हुकूम काढणाऱ्याचा. सरकारला रयतेला जे कळवायचं असे, ते जाहीरनाम्यातून. 1 नोव्हेंबर 1858 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने निघालेल्या कागदात मात्र हुकमासोबत कबुलीही होती: कुणाच्या धर्मात हात घालणार नाही, आणि वंश किंवा धर्म न बघता लायक माणसाला सरकारी नोकरी मिळेल. लिहून दिलं खरं, पण सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनलाच राहिली. पुढे तिची वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणली. एकोणिसाव्या वर्षाच्या आत सातासमुद्रापार जाऊन परक्या भाषेत परीक्षा द्यायची, हे किती घरांना जमणार होतं?

दादाभाई राज्याचे वैरी नव्हते. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि म्हणूनच ते हिशेब मागत राहिले. व्हाइसरॉय लिटन यांनी 1878 मध्ये एका गुप्त टिपणात कबूल केलं होतं की, हिंदी लोकांना दिलेली वचनं सरकारने तोंडाने दिली आणि कृतीने मोडली. ते टिपण दादाभाईंच्या हाती लागलं आणि त्यांनी ते पुन्हापुन्हा इंग्रजांपुढे धरलं. 1901 च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच हिंदुस्थानातल्या कारभाराला ‘अन-ब्रिटिश’ म्हटलं आहे. तुमच्याच शब्दाला तुम्ही जागत नाही, एवढाच आरोप. पण आपला म्हणवणाऱ्याने तो केला की फार लागतो.

विलायतेत मतदारांपुढे जाहीरनामा मांडायची प्रथा पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या 1834 च्या टॅमवर्थच्या पत्रापासून मोजतात. याच पीलनी 1846 मध्ये धान्यावरच्या आयातकराचे कायदे रद्द केले. ज्या जमीनदारांच्या बळावर ते निवडून आले, त्यांना हे कर हवे होते. पक्ष फुटला आणि स्वकीयांनीच त्यांचं सरकार पाडलं. तो निर्णय गरिबाच्या भाकरीच्या हिताचा होता, असं मला वाटतं. शब्द मोडणं नेहमी वाईटच असतं असं नाही. पण विचारणा व्हायला हवी, आणि तिथे ती झाली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर ‘जाहीरनामा’ हा शब्द निवडणुकीत रुळला. मग शिवसेनेचा वचननामा आला, भाजपचं संकल्पपत्र आलं. नाव जितकं गंभीर, तितकी विचारणा वाढली का? 1995 मध्ये या दोघांच्या युतीच्या प्रचारात एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची भाषा होती. युती सत्तेवर आली आणि ऑगस्टमध्ये करार खरंच रद्द झाला. पुढच्या जानेवारीत तो फेरबोलणी करून परत आला, आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पासह. 1997 मध्ये प्रकल्पाच्या गुहागर तालुक्यात त्याविरुद्ध गावकरी रस्त्यावर उतरले तेव्हा त्याच सरकारच्या पोलिसांनी त्यांची धरपकड केली. मुंबईच्या सभांतून त्या घोषणेला टाळ्या वाजवणारे किती जण त्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलले?

कायद्याकडेही यावर इलाज नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये म्हटलं. त्यानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली, की आश्वासनासाठी पैसा कुठून येणार हे साधारण सांगावं. बाकी सगळं मत देणाऱ्यावर. आणि पक्षाच्या बैठकीत एखाद्या कार्यकर्त्याने ‘त्या पाण्याच्या योजनेचं काय झालं?’ एवढं विचारलं, तरी पहिलं उत्तर येतं, ‘तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?’ बिचारा गप्प बसतो. खरं तर त्या खोलीत त्या वचनावर खरा विश्वास ठेवलेला तोच असतो.

घरी येणारी प्रचारपत्रकं मी आता रद्दीत घालत नाही. तारीख टाकून फाइलला लावतो. ज्याला मत दिलं, त्याचं सगळ्यात वर.