सीबीचा बैलबाजार

बलुचिस्तान म्हटलं की आपण मराठी माणसं थेट पानिपतावर जातो. बंदी करून नेलेले मराठे, बुगटी टोळीत त्यांचे वंशज असल्याची कथा... मीही तेच वाचायला बसलो होतो, पण अडकलो सीबी नावाच्या बाजारगावात.

बोलन खिंड उतरली की कच्छीचं सपाट मैदान, आणि तिथे हे सीबी. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला भिडतो. सीबी घडवल्यावर देवाला वेगळा नरक कशाला लागला, अशी तिकडची म्हण! हिवाळा मात्र सुखाचा. वर कलातच्या डोंगरात कडाका पडला की ब्राहुई आणि बलुच पशुपालक उंट-मेंढ्या हाकत खाली येतात. हिवाळा सरता सरता जत्रा भरते ती म्हणूनच. गुरांवाचून या गावाचा इतिहास सांगताच येत नाही. गोहर नावाच्या बाईच्या उंटांची पिल्लं लाशारींनी मारली, ती मीर चाकर रिंदच्या आश्रयाला होती, आणि त्यावरून रिंद-लाशारी तीस वर्षं लढले, असं बलुच परंपरा सांगते. चाकरचा किल्ला सीबीतच आहे.

1879 च्या गंडमकच्या तहाने सीबी इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1880 च्या सुरुवातीला रेल्वेही पोचली, अर्थात अफगाण युद्धासाठी! 1885 पासून जत्रेला दरबार जोडला गेला. सरदारांना तनखा द्यायचा आणि त्यांच्याकरवीच टोळ्या ताब्यात ठेवायच्या, ही सँडेमनची रीत. ती मिरवायला भरल्या बाजाराइतकी सोयीची जागा कुठली? साहेबाची हुशारी मानावी लागेल. पण गुरं विकायला आलेल्या धनगराला त्यात कुणी काही विचारलं नाही, हेही खरं.

पुढे फेब्रुवारी 1948 मध्ये जिना याच दरबारात बोलले. 1976 मध्ये सरदारी कायद्याने रद्द झाली, कागदावर तरी. मार्च 2022 मध्ये पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष जत्रेला येऊन गेले, आणि थोड्याच वेळात गावात स्फोट होऊन सुरक्षा जवान मेले. म्हणजे जत्रेत सरकार अजून मिरवतंच आहे.

असो. या जत्रेत मान असतो भागनारी बैलाचा. धिप्पाड, पांढुरका, उन्हाला न डगमगणारा. भाग हे गाव, नारी ही नदी, त्यावरून हे नाव. आणि गंमत पाहा, त्या भागातले हिंदू व्यापारीही स्वतःला भागनारीच म्हणवत. फाळणीनंतर त्यांच्यातले बरेच जण मुंबईत आले.