मुचलक्यावर मुक्तता

१. 'मुचलक्यावर सोडले' : अपराध शाबीत झाल्यावरही अपराध्यास कैदेत न धाडता सद्वर्तनाच्या हमीवर सोडण्याची तरतूद १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२व्या कलमात होती, मुंबई इलाख्याने १९३८ साली त्याकरिता स्वतंत्र कायदा केला आणि १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने त्या तत्त्वास देशव्यापी स्वरूप दिले. ज्या गुन्ह्यास देहान्त वा आजन्म कारावास सांगितलेला नाही, त्यात अपराध्याचे चारित्र्य व गुन्ह्याची परिस्थिती विचारात घेऊन न्यायाधीश त्यास फार तर तीन वर्षांच्या मुदतीने मुचलक्यावर सोडू शकतो, शिवाय नुकसानभरपाईही द्यावयास लावू शकतो. आणि अपराधी २१ वर्षांखालील असल्यास, त्यास कैद फर्मावण्याची कारणे न्यायाधीशास लेखी नमूद करावी लागतात. ही केवळ माफी नव्हे : परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरची स्थिती, संगत व उपजीविका यांची चौकशी करून गोपनीय अहवाल सादर करतो, पुढे त्याच्यावर देखरेख ठेवतो, रोजगार मिळवून देण्याची खटपट करतो, आणि अटी मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. किरकोळ चोरीपायी प्रथमच पकडला गेलेला तरुण सराईत गुन्हेगारांच्या सहवासात काही महिने काढून, हातचे काम गमावून परत येतो, तेव्हा त्या कैदेने समाजाचे कोणतेच रक्षण झालेले नसते. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही लहान अपराधांस समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, ती याच विवेकाची पुढची पायरी होय. —संपादक