भिंतीपलीकडून आलेला आवाज

दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांचे जीवन कायद्यानेच विभागलेले होते. शाळा निराळ्या, पाण्याचे नळ निराळे, बसमधील आसनेही निराळी. गाण्याच्या जलशाला दोन्ही वर्णांचे लोक आलेच, तर कित्येक ठिकाणी सभागृहाच्या मधोमध दोर बांधून त्यांना अलग ठेवीत. संगीताच्या व्यापारातही असाच एक दोर होता. ‘बिलबोर्ड’ हे व्यापारी साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांची यादी १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे वंशाच्या ध्वनिमुद्रिका, या नावाने वेगळी छापीत असे. त्या वर्षी यादीचे नाव ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे झाले. नाव सभ्य झाले, यादी मात्र वेगळीच राहिली.

आकाशात असा दोर बांधता येत नाही. मध्यम लहरींवरील नभोवाणीचा धर्मच असा, की दिवसा तिचा आवाज मर्यादित टापूत ऐकू येतो. पण सूर्य मावळल्यावर त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील डब्ल्यू-एल-ए-सी हे ५०,००० वॉट शक्तीचे केंद्र रात्रीच्या वेळी कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवीत असे. दूरदूरच्या गावांत वडील मंडळी निजल्यावर गोरी मुलेही हळू आवाजात ते ऐकत. शाळेत, बसमध्ये आणि देवळातही जो शेजारी त्यांना कधी भेटला नव्हता, त्याच्या सुखदुःखाचा सूर आता त्यांच्या उशाशी आला होता. १९६० नंतर अमेरिकन तरुणांनी वडील पिढीविरुद्ध जे उघड बंड केले, त्याच्या मुळाशी अनेक कारणे होती. परंतु त्याचा एक अतिशय शांत आरंभ या चोरून ऐकण्यात आहे.

हे संगीत लहरींवर आले ते कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. १९४८ नंतर दूरचित्रवाणी झपाट्याने पसरू लागली. मोठे जाहिरातदार आणि नामांकित कलावंत तिकडे गेले आणि नभोवाणी केंद्रांपाशी रिकामे तास उरले. ते भरून काढण्याचा स्वस्त उपाय म्हणजे एक निवेदक आणि ध्वनिमुद्रिकांचा ढीग. मेंफिस येथील डब्ल्यू-डी-आय-ए या केंद्राचे मालक गोरे होते. केंद्र चालेना, तेव्हा १९४८ मध्ये त्यांनी नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला निवेदक म्हणून घेतले आणि आजवर कोणी ज्याची दखल घेतली नव्हती असा फार मोठा श्रोतृवर्ग त्यांना लाभला. क्लीव्हलंड शहरात ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालविणाऱ्या लिओ मिंट्झ याच्या ध्यानी आले, की गोरी मुलेही कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या विकत घेत आहेत. त्याने ॲलन फ्रीड या गोऱ्या निवेदकाला गाठले. जुलै १९५१ मध्ये फ्रीडचा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ‘रॉक अँड रोल’ हे नाव या संगीताला घरोघर रूढ झाले, त्यात फ्रीडचा वाटा मोठा होता.

या नव्या श्रोत्यांची संख्या किती आहे, याची कल्पना २१ मार्च १९५२ रोजी आली. फ्रीडने क्लीव्हलंडच्या क्रीडागारात एक जलसा ठरविला. जागा सुमारे १०,००० माणसांची. दारात जमाव त्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. दारे मोडली, पोलिसांनी कार्यक्रम अर्ध्यावर थांबविला. त्या गर्दीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीयच होते. नभोवाणीने कान एकत्र आणले होते, माणसे अजून एकत्र आली नव्हती.

१९५४ या वर्षी दोन घटना जवळजवळ लागोपाठ घडल्या. १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. जुलैच्या आरंभी मेंफिसमधील ‘सन’ या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात एल्व्हिस प्रेस्ली या १९ वर्षांच्या तरुणाने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे एक गीत आपल्या धाटणीने गायिले. थोड्याच दिवसांत स्थानिक निवेदक ड्युई फिलिप्स याने ते लहरींवर लावले. श्रोत्यांची मागणी येताच त्याने ते पुनःपुन्हा वाजविले आणि त्याच रात्री गायकाला केंद्रावर बोलावून घेतले. त्याने प्रेस्लीला मुद्दाम विचारले, की शिक्षण कोणत्या शाळेत झाले? उत्तर मिळाले, ह्यूम्स हायस्कूल. त्या शहरात शाळेच्या नावावरून माणसाचा वर्ण कळत असे. प्रश्नाचा हेतूच तो होता, कारण नुसत्या आवाजावरून श्रोत्यांना गायक गोरा की काळा हे ओळखता आले नव्हते. ज्या भेदावर सारी समाजरचना उभी होती, तो कानाला सापडेना. याच वर्षाच्या अखेरीस खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ ४९ डॉलर ९५ सेंट या किमतीला बाजारात आला आणि संगीत घरच्या बैठकीतून निघून मुलांच्या हाती गेले.

समाजातील एका वर्गाला यातील धोका लगेच कळला. १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे नॅट किंग कोल या विख्यात गायकावर गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी व्यासपीठावर चढून हल्ला केला. कोल त्याच राज्यात जन्मलेला, त्याची गाणी मृदू आणि संयमी, आणि समोरचा श्रोतृवृंद पूर्णपणे गोरा. यांपैकी कशानेही त्याचे रक्षण झाले नाही. १९५७ मध्ये फ्रीडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतील केंद्रांनी गिल्ला केला आणि कार्यक्रम लवकरच बंद पडला. ऐकणे चालत होते ते केवळ डोळ्यांना काही दिसत नव्हते तोवर, हे या प्रसंगाने उघड केले.

परंतु या कथेचा नायक निर्मळ नव्हता. १९५५ मध्ये चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंताचे ‘मेबेलिन’ हे पहिले गीत गाजले, तेव्हा त्याच्या रचनाकारांत फ्रीडचेही नाव घालण्यात आले. गीत वाजविण्याची ही किंमत होती; मानधनाचा एक वाटा परस्पर निवेदकाकडे जाई. असे व्यवहार त्या धंद्यात सर्रास चालत. ध्वनिमुद्रिका कंपन्या निवेदकांना पैसे चारीत, आणि या लाचेला ‘पेओला’ असे नाव पडले होते. १९५९-६० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने तिची चौकशी केली. डिक क्लार्क या दूरचित्रवाणी निवेदकाने संगीत-व्यवसायातील आपले हितसंबंध विकले आणि त्याची कारकीर्द पुढे अनेक दशके चालली. फ्रीडने, लाच घेतली नाही असे लिहून देण्यास नकार दिला आणि नोकरी गमावली. १९६२ मध्ये त्याने आरोप मान्य केला. दंड ३०० डॉलर झाला. २० जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला.

फ्रीड गेला, पण लहरींचे काम थांबले नाही. १९६४ मध्ये संघराज्याच्या दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतील एफ-एम केंद्रांना मध्यम लहरींवरील कार्यक्रमांची नुसती पुनरावृत्ती करण्यास बंदी घातली. पुन्हा एकदा रिकामे तास निर्माण झाले आणि पुन्हा एकदा ते तरुणांनी भरले. एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोतील के-एम-पी-एक्स या डबघाईस आलेल्या केंद्रावर टॉम डोनाह्यू याने असा कार्यक्रम आरंभिला, की ज्यात निवेदक स्वतःच्या रुचीने गीते निवडी, लांबच लांब रचना अखंड वाजवी. लांब केसांची, युद्धाला विरोध करणारी, रूढ संसार नाकारणारी पिढी या केंद्राला आपले मानू लागली. वर्षभरातच मालकांशी वाद होऊन कर्मचाऱ्यांनी संप केला. डोनाह्यू आणि त्याचे सहकारी दुसऱ्या केंद्रावर गेले. ते केंद्र मेट्रोमीडिया या बड्या कंपनीचे होते. व्यवस्थेविरुद्धच्या बंडाचे ध्वनिक्षेपणही अखेर व्यवस्थेच्याच यंत्रावरून झाले.

तेव्हा नभोवाणीने वर्णभेदाची भिंत पाडली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती पाडण्याचे कष्ट निराळ्याच तरुणांनी उपसले. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या फळीशी जाऊन बसणाऱ्या चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्यामागून मार खात, तुरुंगात जात राहिलेल्या हजारोंनी २ जुलै १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा शक्य केला. दुसऱ्याचे गाणे आवडणे आणि दुसऱ्याला त्याचा हक्क देणे यांत फार मोठे अंतर आहे. ते नुसत्या श्रवणाने कापले जात नाही. तरीही ज्याचा आवाज ओळखीचा झाला आहे त्याला सर्वस्वी परका मानणे कठीण जाते, एवढे श्रेय त्या रात्रींना द्यावे लागेल.

१९८६ मध्ये अमेरिकेत रॉक संगीताच्या गौरवमंदिराची पहिली मानकरी-यादी जाहीर झाली. तीत चक बेरी आणि ॲलन फ्रीड ही दोन्ही नावे होती. त्याच वर्षी ‘मेबेलिन’च्या रचनाकारांतून फ्रीडचे नाव निघाले आणि ते गीत एकट्या बेरीचे झाले. दार उघडणाऱ्याला मान मिळाला, आणि दाराशी घेतलेली पट्टी एकतीस वर्षांनी परत करण्यात आली.