ई-पुस्तकांची देवघेव (अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये)

ग्रंथालयाने सभासदाला मोबाइलवर, संगणकावर किंवा वाचनयंत्रावर ठरावीक मुदतीसाठी पुस्तक वाचायला देण्याची सेवा. मुदत बहुधा 7, 14 किंवा 21 दिवसांची असते. ती संपली की पुस्तक आपोआप परत जाते, त्यामुळे उशिराचा दंड भरावा लागत नाही. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येत असल्याने दृष्टी अधू झालेल्या वाचकांना या सेवेचा विशेष आधार वाटतो.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2003 मध्ये ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत ही सेवा सुरू केली. 2011 मध्ये ग्रंथालयांची ई-पुस्तके किंडल या वाचनयंत्रावर मिळू लागली, 2017 मध्ये ओव्हरड्राइव्हचे लिबी हे ॲप आले. करोनाच्या साथीत वाचनालयांची दारे बंद झाली, तेव्हा अनेक ग्रंथालयांनी घरबसल्या सभासदत्व देऊ केले. ई-पुस्तके, श्राव्य पुस्तके आणि नियतकालिके मिळून ओव्हरड्राइव्हमार्फत जगभर झालेली देवघेव कंपनीच्या आकडेवारीनुसार 2020 मध्ये सुमारे 43 कोटी होती. 2023 मध्ये ती 66 कोटींच्या पुढे गेली.

मागणी एवढी वाढूनही गाजलेल्या ई-पुस्तकासाठी वाचकाला कित्येक आठवडे थांबावे लागते. फाईलच्या हव्या तितक्या नकला निघू शकतात, मग ही प्रतीक्षायादी कशासाठी? याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, कायद्यात आहे. 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका प्रकाशकाने कादंबरीत सूचना छापली होती, की ती एक डॉलरहून कमी किमतीला विकणे हा हक्कभंग ठरेल. मेसी या दुकानाने ती 89 सेंटला विकली. प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. हे तत्त्व पुढे कायद्यात आले आणि छापील पुस्तकांच्या देवघेवीचा पायाच त्यावर उभा आहे. ग्रंथालयाने पुस्तक विकत घेतले की ते कोणाला, किती वेळा द्यायचे हे ग्रंथालयच ठरवते. ई-पुस्तक मात्र विकले जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो आणि एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक ही त्यांतली नेहमीची अट असते.

2011 मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने जाहीर केले, की 26 वेळा दिल्यावर ग्रंथालयाच्या ई-पुस्तकाचा परवाना संपेल. छापील प्रत साधारण तेवढीच टिकते, हा त्यांचा युक्तिवाद होता. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी त्याहून कितीतरी अधिक वेळा घरोघर फिरून आलेल्या, तरीही धडधाकट असलेल्या छापील प्रती चित्रफितीतून दाखवून तो खोडून काढला. अट मात्र राहिली. 2018–19 मध्ये पेंग्विन रँडम हाउस आणि हॅशेट या प्रकाशनसंस्थांनी कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे आणले. वाचकाला पंधरा डॉलरच्या आत-बाहेर मिळणाऱ्या नव्या पुस्तकासाठी ग्रंथालयाला अनेकदा 55 ते 65 डॉलर मोजावे लागतात आणि दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा घ्यावे लागते. अंदाजपत्रकाचा मोठा भाग अशा नूतनीकरणात गेला, की जुन्या आणि कमी खपाच्या पुस्तकांना कात्री लागते. पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याचे ग्रंथालयाचे काम या व्यवस्थेत धोक्यात येते आणि महागाईपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

1 नोव्हेंबर 2019 पासून मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने नव्या पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक ग्रंथालयसंस्थेला, मग ती केवढीही मोठी असो, एकच ई-प्रत देण्याचे ठरवले. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटी ग्रंथालयसंस्थेसह अनेकांनी खरेदीवर बहिष्कार टाकला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या निषेधपत्रावर अडीच लाख सह्या जमल्या आणि मार्च 2020 मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला.

ग्रंथालयांनी आपल्या परीने वाटा काढल्या आहेत. लहान गावांची वाचनालये एकत्र येऊन सामाईक संग्रह घेतात. हूपलासारख्या सेवेत रांग नसते, प्रत्येक देवघेवीचे पैसे ग्रंथालय भरते. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी दरमहा किती पुस्तके घेता येतील यावर मर्यादा घालावी लागते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2016 मध्ये सिंपलीई हे स्वतःचे ॲप काढले. ब्रुकलिनच्या ग्रंथालयाने 2022 मध्ये, शाळांतून पुस्तके काढून टाकली जात असताना, देशभरातील 13 ते 21 वयाच्या मुलांना आपला डिजिटल संग्रह विनामूल्य खुला केला. छापील पुस्तकांच्या बळावर एवढ्या दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचणे एका शहराच्या ग्रंथालयाला शक्य झाले नसते.

कायद्याची वाट अधिक खडतर ठरली. ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाने देणे प्रकाशकांना बंधनकारक करणारा मेरीलँड राज्याचा कायदा 2022 मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला, कारण स्वामित्वहक्क हा विषय संघराज्याच्या अखत्यारीत येतो. छापील प्रत स्वतःकडे ठेवून तिची स्कॅन केलेली प्रत एका वेळी एकालाच देण्याची इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाची पद्धतही सप्टेंबर 2024 मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केली. कनेक्टिकटने 2025 मध्ये वेगळा मार्ग धरला. तेथील कायदा प्रकाशकांवर सक्ती करत नाही. मुदत आणि देवघेवीची संख्या अशी दुहेरी मर्यादा घालणारे करार करण्यास तो ग्रंथालयांनाच मनाई करतो. मात्र एकूण 70 लाख लोकसंख्येच्या अन्य राज्यांनी तसाच कायदा केला, तरच तो अमलात येणार आहे.