होनिंग

धातूच्या भोकाचा आतला पृष्ठभाग बारीक दाण्याच्या दगडांनी घासून त्याचे माप, गोलाई आणि पोत नेमके करण्याची यंत्रक्रिया. इंजिनाचे सिलिंडर, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, गनमेटलचे बुश यांवर बोअरिंग किंवा रीमिंगनंतर होनिंग करतात. निघणारा धातू सहसा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका असतो.

दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. कारखान्यांत हिऱ्याचेही वापरतात. ते आतून पसरून भोकाच्या भिंतीवर दाबले जातात. दगड बसवलेले हत्यार, म्हणजे होन, फिरते आणि त्याच वेळी वर-खाली होते, म्हणून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी उमटते. परिघावरचा वेग मिनिटाला ३० मीटर आणि वर-खाली वेग १२ मीटर असेल, तर रेघांमधला कोन सुमारे ४४ अंश येतो.

या रेघांसाठीच सारा खटाटोप. नवख्याला आरशासारखी चकाकी म्हणजे उत्तम काम वाटते. सिलिंडरमध्ये मात्र ती खोटच, कारण चकचकीत भिंतीवर तेल ठरत नाही. म्हणून प्लॅटो होनिंगमध्ये आधी भरड दगडाने खोल रेघा पाडतात आणि मग बारीक दगडाने फक्त त्यांचे माथे छाटतात. पिस्टनची रिंग सपाट माथ्यांवरून सरकते, तेल खालच्या खाचांत राहते.

होन भोकाच्या मागोमाग जातो. ओव्हलपणा आणि टेपर तो काढतो, पण भोकाची जागा चुकली असेल तर ती होनिंगने सुधारत नाही. दगड दोन्ही टोकांना साधारण एक तृतीयांश लांबीने बाहेर यावा लागतो. जास्त आला तर तोंडे फाकतात, कमी आला तर टोके आवळ राहतात.

बॉल बेअरिंगच्या खाचेला होनिंगच्या जवळची क्रिया, सुपरफिनिशिंग, लागते. तिथे दगड अगदी आखूड, जलद झोके घेतो. ही पद्धत १९३०च्या दशकात अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीत विकसित झाली.

होनिंग करताना माप गरम जॉबवर घेऊ नये. १०० मिमी व्यासाचे पोलादी भोक १० अंश सेल्सिअसने तापले तर ११-१२ मायक्रॉन मोठे दिसते, आणि बुशच्या मापाला दिलेली सारी मुभाच कधी कधी तेवढी असते. होनिंगनंतर भोक धुण्याकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. नुसत्या रॉकेलने पुसले की दगडाची पूड रेघांत बसून राहते आणि इंजिन सुरू होताच रिंगा खाऊ लागते. गरम साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन घासावे, मग तेलाचा पांढरा बोळा आत फिरवावा. बोळ्यावर करडा डाग आला, तर पुन्हा धुवावे.