विजेरीची दोन घराणी

हातात धरायच्या विजेच्या दिव्याला आपले ग्रंथकार 'विजेरी' म्हणतात. परंतु रात्री अंगणात उतरताना घरातील वडीलधारे माणूस 'बॅटरी आण रे' असेच फर्मावते, आणि दिव्याला त्याच्या पोटातील विद्युत्संचयाचे नाव देणारा हा लौकिक प्रयोग मला कोशातील शब्दाहून यथार्थ वाटतो. मूळचा 'बॅटरी' हा शब्द तोफखान्यातला. विद्युत्भारित काचपात्रांच्या एकत्र जोडलेल्या रांगेला तो बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ साली लावला.

या संचयाची पुढे दोन घराणी झाली. एक कोरड्या घटांचे, एकदा रिते झाले की फेकून द्यावयाचे. त्यांच्याच आधारावर डेव्हिड मिसेलने १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये नळीच्या आकाराच्या दिव्याची पेटंट-सनद मिळवली. त्या वेळचे घट इतके दुर्बळ होते की कळ दाबून क्षणभर उजेड घ्यावा आणि त्यांना विसावा द्यावा लागे. इंग्रजीत या दिव्याला पडलेल्या 'फ्लॅशलाइट' या नावात 'चमक' हा अर्थ आला तो त्यामुळेच.

दुसरे घराणे त्याहून जुने. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले असता रिता झालेला घट उलट प्रवाहाने पुन्हा भरता येतो, हे फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली दाखवले. हा शोध मला दिव्याच्या शोधापेक्षाही थोर वाटतो. मात्र शिशाचे ओझे आणि सांडणारे आम्ल हाताला पेलणारे नव्हते, म्हणून या घराण्याची खरी वतनदारी मोटारीत स्थिरावली: केटरिंग या अभियंत्याचा विद्युत्-आरंभक १९१२च्या कॅडिलॅकवर चढला आणि इंजिन सुरू करणाऱ्या घटाला इंजिनानेच भरावे, अशी व्यवस्था रूढ झाली. आम्ल बाहेर सांडू न देणारे बंदिस्त घट पुढे निघाले, तेव्हा कोठे शिसे हातात आले.

घरी बांधलेली, मोटारीवर भरणारी विजेरी ही त्या घराण्याची धाकटी पाती. आणीबाणीच्या दिव्यांत असतो तसा सहा व्होल्ट, साडेचार अँपियर-तासांचा घट घ्यावा. धावत्या मोटारीतून सुमारे चौदा व्होल्ट मिळतात. वाटेत जोडलेल्या, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमध्ये जेमतेम पाऊण व्होल्ट जातो, पण तोच विजेरीतील वीज मोटारीकडे परतू देत नाही. उरलेला जादा दाब पंधरा ओहम, पाच वॉटचा रोधक गिळतो आणि घटाला अर्ध्या अँपियरहून किंचित कमी प्रवाह पोचतो. पूर्ण रिता घट भरण्यास दहा-बारा तास लागतात. प्रवाह आपोआप थांबत नसल्याने, घट भरताच मोटारीत खोचलेला प्लग काढावा लागतो.

वाचकांस एकच विनंती: धन तारेत, प्लगच्या अगदी जवळ, एक अँपियरचा फ्यूज घातल्यावाचून ही जोडणी मोटारीला लावू नये, कारण मोटारीच्या बॅटरीत तार वितळवून आग लावण्याइतके सामर्थ्य असते.